कोकणच्या किनाऱ्यावरून आकाशगंगेचा फोटो: आधी तिथी, मग कॅमेरा

कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. आकाशगंगेचा सगळ्यात दाट, उजळ भाग, म्हणजे तिचा गाभा, मात्र दक्षिणेच्या आकाशात, वृश्चिक आणि धनू राशींच्या सीमेवर, मूळ नक्षत्राच्या जवळ आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून बघताना तो आग्नेयेला उगवतो, दक्षिणेला आल्यावर साधारण ४५ अंशांपर्यंत चढतो आणि नैऋत्येला मावळतो. म्हणजे उगवतो तेव्हा तो आपल्या पाठीमागे, डोंगराच्या बाजूला असतो आणि समुद्रावर येतो तो मावळतीकडे कलल्यावर. त्यात जून ते सप्टेंबर, जेव्हा तो रात्रीच्या सोयीच्या वेळी आकाशात असतो, तो सगळा काळ आपल्याकडे पावसात जातो.

उरतात दोन संधी: उन्हाळ्यातली पहाट आणि पाऊस गेल्यानंतरची संध्याकाळ. यातली कुठली घ्यायची आणि नेमक्या कुठल्या तिथीला जायचं हे ठरलं की निम्मं काम झालं. म्हणून सुरुवात पंचांगापासून करू.

पहिली पायरी: तिथी

किनाऱ्यावर तिथीवरून दोन गोष्टी एकदम कळतात. चंद्र कधी असेल आणि पाणी कुठवर असेल.

चंद्राचं सोपं आहे. कृष्ण पक्षात तो उशिरा उगवतो, त्यामुळे संध्याकाळ काळोखी मिळते. शुक्ल पक्षात तो लवकर मावळतो, त्यामुळे पहाट काळोखी मिळते. संकष्टीचा चंद्रोदय घरातल्या कॅलेंडरवर छापलेलाच असतो. त्यापुढे रोज साधारण पाऊण तास उशीर धरा.

पाण्याचा हिशोब कोळी मंडळी पिढ्यानपिढ्या करत आली आहेत. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार. सप्तमीला सव्वापाच. अमावास्येला आणि पौर्णिमेला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, गावोगावी अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच घ्यायची. हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या संस्थेच्या संकेतस्थळावर भरतीच्या वेळा मिळतात आणि उंच लाटांचे इशारेही तिथेच येतात. निघण्याच्या दिवशी ते बघितल्याशिवाय किनाऱ्यावर उतरू नका.

आता या दोन हिशोबांची सांगड घालू. बहुतेक नवीन मंडळी डोळे मिटून अमावास्या गाठतात. अंधारासाठी ते बरोबर आहे. पण ऑक्टोबरातल्या अमावास्येला संध्याकाळी सहाच्या सुमाराला ओहोटी संपून पाणी चढायला लागलेलं असतं. साडेसातला तुम्ही तिपाई लावता तेव्हा भरती जोरात असते, आणि ती उधाणाची, म्हणजे सगळ्यात मोठी, भरती असते. मुंबईच्या बाजूला उधाणाचं पाणी साडेचार मीटरच्याही वर जातं. दक्षिणेकडे ते कमी, पण तिथेही काळोखात पाठीमागची वाट बंद व्हायला पुरेसं. शिवाय आश्विनातली अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन. गावोगावचे फटाके, धूर आणि आकाशकंदील त्या रात्री असणारच.

त्यापेक्षा कोजागिरीनंतरच्या कृष्ण पंचमी ते अष्टमी या संध्याकाळी मला नवशिक्यासाठी कितीतरी चांगल्या वाटतात. षष्ठी-सप्तमीला चंद्र रात्री दहा-अकराच्या सुमाराला उगवतो. भरती संध्याकाळी साडेचार-सव्वापाचला होऊन गेलेली असते, म्हणजे तुम्ही काम करत असताना पाणी मागे हटत असतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तिला उधाणासारखा जोर नसतो. ऑक्टोबरच्या मध्यावर साडेसातला पूर्ण काळोख होतो, त्या वेळी आकाशगंगेचा गाभा नैऋत्येला समुद्रापासून सुमारे ३० अंशांवर उभा असतो आणि दहाच्या सुमाराला मावळतो. साडेसात ते साडेआठ हा तुमचा मुख्य तास. अधिक महिना आलेल्या वर्षी कोजागिरी ऑक्टोबरच्या शेवटाला सरकते. मग हाच गाभा काळोख होईपर्यंत २० अंशांवर उतरलेला असतो. अशा वर्षी पितृपक्षातली पंचमी ते अष्टमी बघा, फक्त पाऊस गेलेला असायला हवा.

उन्हाळ्यात उलटं गणित. पहाटे चार वाजता पाणी उतरतं हवं आणि चंद्र मावळलेला हवा. अमावास्या ते शुक्ल तृतीया या तिथींना दोन्ही जमतं. लक्षात ठेवायला सोपी खूण म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी भरती रात्री सव्वादोनच्या आसपास होते आणि चंद्र आदल्या संध्याकाळीच मावळलेला असतो. पहाटे चार-साडेचारला गाभा जवळजवळ ठीक दक्षिणेला असतो. म्हणजे समोर उघडा समुद्र येत नाही, किनाऱ्याची रेघ दक्षिणेकडे जाताना दिसते आणि तिच्यावर आकाशगंगा. ही मांडणीही सुंदर असते. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे दिवसाच्या खाऱ्या वाऱ्यासारखे लाटांचे तुषार लेन्सवर येत नाहीत. एप्रिल-मेमध्ये क्षितिजाजवळ दमट हवेचा धुरकटपणा मात्र असतो. स्वच्छतेच्या बाबतीत ऑक्टोबर नेहमीच वरचढ.

दुसरी पायरी: जागा

पहिल्यांदा जाणाऱ्याने वाळूत न उतरता सड्यावरून, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावरून, सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. रत्नागिरी, राजापूर, देवगड या भागात जांभ्याचे सडे थेट समुद्राच्या कड्यापर्यंत येतात. तिथे तिपाई पक्की बसते, भरतीची धास्ती नसते, तुषार कमी असतात आणि नैऋत्येचं क्षितिज मोकळं मिळतं. दोन गोष्टी जपा. कड्याच्या काठापासून लांब राहा. आणि सड्यावर कातळशिल्पं असतील तर त्यांच्यावर पाय किंवा तिपाई ठेवू नका. रात्री ती दिसत नाहीत, म्हणून दिवसा बघून ठेवायची.

वाळूच्या किनाऱ्यांमध्ये गावाचे दिवे किती आणि कुठल्या दिशेला आहेत हे महत्त्वाचं. अलिबाग-मुरूड पट्ट्यात उत्तरेचं आकाश मुंबईच्या उजेडाने फिकट होतं, पण आपल्याला दक्षिण-नैऋत्य हवी असल्यामुळे तिथूनही काम होतं. जयगडच्या जवळपास बंदराचे आणि वीजकेंद्राचे दिवे आहेत, तेव्हा ते आपल्या चौकटीच्या विरुद्ध बाजूला राहतील अशी जागा शोधा. राजापूर तालुक्यातलं आंबोळगड, देवगडजवळचं तांबळडेग, वेंगुर्ल्याच्या उत्तरेचं निवती हे किनारे तुलनेने शांत आहेत. निवतीहून नैऋत्येला समुद्रात वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह लुकलुकताना दिसतं. ऑक्टोबरात आकाशगंगा त्याच बाजूला उतरते, त्यामुळे मला ही जागा फार आवडते. मालवणला जेटीच्या बाजूने सिंधुदुर्ग किल्ला साधारण दक्षिण-नैऋत्येला येतो. शहराचे दिवे आकाश थोडं खातात, पण तटबंदीवर उजेडही तेच टाकतात. किल्ल्यांचे फोटो किनाऱ्यावरूनच काढा, रात्री आत राहण्याचा प्रयत्न करू नका.

गोव्यात उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर शॅकचे दिवे उशिरापर्यंत चालू असतात. दक्षिणेला आगोंद आणि गालजीबाग जास्त काळोखे आहेत, पण ते कासवांच्या विणीचे किनारे आहेत. हेच वेळास, आंजर्ले, गावखडी इथेही लागू. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री वाळूत अंडी घालायला येतात आणि पिल्लं मेपर्यंत बाहेर पडत राहतात. उजेड दिसला तर मादी अंडी न घालता परत फिरू शकते. पिल्लं समुद्राऐवजी उजेडाच्या दिशेने जातात आणि मरतात. या महिन्यांत अशा किनाऱ्यावर वनखात्याच्या किंवा गावातल्या कासवमित्राच्या परवानगीशिवाय रात्री जाऊच नका. परवानगी मिळाली तरी टॉर्च पेटवून वाळू उजळून फोटो काढणं पूर्ण वर्ज्य.

तिसरी पायरी: सामान

मॅन्युअल मोड आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) देणारा कुठलाही डीएसएलआर किंवा मिररलेस चालेल. १८-५५ ची किट लेन्स असेल तर तिच्यावरच पहिला हंगाम काढा. पुढे पैसे घालायचे झाले तर कॅमेऱ्याआधी लेन्समध्ये घाला: १४ ते २४ मिलिमीटरच्या दरम्यानची, एफ २.८ किंवा त्याहून मोठ्या छिद्राची. तिपाई जड हवी.

फोनवरही होतं. गुगलने २०१९ मध्ये पिक्सेल ४ बरोबर ताऱ्यांसाठीचा वेगळा मोड आणला, तो कित्येक फोटो जोडून चार मिनिटांपर्यंतचं एक चित्र बनवतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये आता प्रो मोडमध्ये ३० सेकंदांपर्यंत शटर उघडं ठेवता येतं. फोनला तिपाईवर घट्ट धरणारी पकड मात्र लागेलच.

बाकी यादी छोटी आहे, पण किनाऱ्यावर तीच कामाला येते: दोन जादा बॅटऱ्या, लाल प्रकाश देणारा हेडलॅम्प, एक साधा पांढरा टॉर्च, हवेचा ब्लोअर, स्वच्छ सुती फडकी आणि लेन्सला गुंडाळायची यूएसबीवर चालणारी गरम पट्टी. पहाटेच्या वेळी लेन्सवर दव धरतं आणि बघता बघता तारे धूसर होतात. पट्टी नसेल तर दर दहा मिनिटांनी काच तपासा. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला तर त्यावर लगेच बाष्प बसतं. अर्धा तास आधी बॅग बंद ठेवूनच बाहेर आणा.

चौथी पायरी: उजेडी एक फेरी

ज्या जागेवर रात्री उभं राहायचं तिथे त्याच दिवशी उजेडी जाऊन या. ओहोटीच्या वेळी कुठले खडक उघडे पडतात, भरतीची ओली रेघ कुठवर येते, परत यायची वाट कुठली, हे डोळ्यांनी बघा. फोनमधल्या होकायंत्राने नैऋत्य शोधा. स्टेलॅरिअमसारख्या मोफत अ‍ॅपमध्ये रात्रीची वेळ घातली की आकाशगंगा कुठे उभी असेल ते दिसतं. मग पुढ्यात काय येईल ते ठरवा: ओढून ठेवलेली होडी, सुरूची रांग, एखादा एकटा माड, खडकातला पाण्याचा खळगा. होडी किंवा वाडी दुसऱ्याची आहे, विचारून घ्या. विचारताना जी ओळख होते तीही रात्री उपयोगी पडते.

ज्या घरी उतरला आहात तिथल्या काकांना किंवा वहिनींना तुम्ही कुठे आणि किती वाजेपर्यंत असाल ते सांगून ठेवा. किनाऱ्यावर सागरी पोलिसांची गस्त असते, ओळखपत्र खिशात हवं. एकट्याने जाऊ नका.

पाचवी पायरी: पाय आणि पाणी

सड्यावर, गवतात आणि जांभ्याच्या गडग्यांच्या कडेने फुरसं हा साप असतो. ते लहान असतं, मातीच्या रंगाचं असतं, रात्री हिंडतं आणि विषारी असतं. चालताना पांढरा टॉर्च, बंद बूट आणि पूर्ण पँट. लाल दिवा कॅमेऱ्याशी उभं राहिल्यावर, डोळ्यांना अंधाराची सवय टिकावी म्हणून. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, एका फोनच्या स्क्रीनने ती वाया जातात.

ओल्या खडकांवर शेवाळ असतं आणि कालवांची कवचं ब्लेडसारखी कापतात. कडा आणि पाणी यांच्यामध्ये अडकलेल्या छोट्या चौपाटीत रात्री उतरू नका. खाडीच्या मुखावरचे वाळूचे पट्टेही टाळा, तिथे भरतीचं पाणी पाठीमागून येतं. ओहोटी संपण्याच्या वेळेचा गजर लावा आणि तो वाजला की सामान आवरा, फोटो कितीही चांगले येत असले तरी.

वाळूत तिपाईचे पाय खोल दाबून बसवा. सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी बाहेर काढा, म्हणजे कुलुपांचे सांधे वाळू आणि खाऱ्या पाण्यापासून वर राहतात. लाटेचं पाणी पायांखालून गेलं की वाळू सरकते आणि तिपाई हळूच खचते, म्हणून पाण्याच्या रेघेपासून मागे राहा.

सहावी पायरी: फोकस आणि आकडे

फसतो तो फोकस. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. मॅन्युअल फोकसवर जा, लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा तेजस्वी तारा घ्या आणि तो पडद्यावर मोठा करून बघा. अभिजित दोन्ही हंगामांत सापडतो: ऑक्टोबरच्या संध्याकाळी वायव्येला उंच, एप्रिल-मेच्या पहाटे उत्तरेला उंच. फोकसची कडी अगदी सावकाश फिरवा. ताऱ्याचा ठिपका लहान होत जाईल आणि पुन्हा मोठा व्हायला लागेल. सगळ्यात लहान होता तिथे परत या आणि कडीवर चिकटपट्टी लावा. झूमला हात लागला तर सगळं पुन्हा करा.

पृथ्वी फिरते म्हणून शटर फार वेळ उघडं ठेवलं की तारे रेघा होतात. किती वेळ चालेल याचा जुना ठोकताळा ५०० चा: ५०० ला लेन्सच्या फोकल लांबीने भागा. आजच्या जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांना तो सैल पडतो, ३०० धरा. छोट्या सेन्सरवर फोकल लांबीला आधी दीडने गुणायचं, कॅननमध्ये १.६ ने. किट लेन्स १८ मिलिमीटरला असेल तर अठरा दीडे सत्तावीस. ३०० भागिले २७, म्हणजे ११ सेकंद. १० किंवा १३ सेकंद लावा.

सुरुवातीला एवढं लावून बघा: छिद्र सगळ्यात मोठं, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास, फाइल रॉ, दोन सेकंदांचा टायमर, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. फोटो बघताना पडद्याच्या उजेडावर जाऊ नका; काळोखात सगळंच उजळ दिसतं. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघा. त्याचा उंचवटा डाव्या भिंतीला चिकटला असेल तर आयएसओ ६४०० करा, मध्याच्या पुढे गेला असेल तर कमी करा.

क्षितिजावर मासेमारीच्या बोटींचे दिवे येतील. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, त्यामुळे ऑक्टोबरात समुद्र भरलेला असतो. काही जण हे दिवे नंतर पुसतात. मी ते ठेवावेत असं म्हणेन, त्या रात्रीचा समुद्र तसाच होता. दिवा फारच प्रखर असेल तर बोट पुढे सरकेपर्यंत थांबा, किंवा होडीच्या वा खडकाच्या आड तो झाकेल असे दोन पावलं बाजूला सरका. दीपगृहाचा झोत ठरावीक अंतराने फिरतो. त्याची लय मोजून दोन झोतांच्या मध्ये शटर उघडता येतं.

चौकट जमली की कॅमेरा न हलवता तेच सेटिंग ठेवून लागोपाठ १६ फोटो घ्या. मग एक वेगळा फोटो पुढच्या दृश्यासाठी, कमी आयएसओ आणि दोन-तीन मिनिटांचं शटर. त्यात लाटा धुक्यासारख्या मऊ होतात आणि खडकांचा तपशील येतो.

सातवी पायरी: घरी आल्यावर

आधी सामान. तिपाई उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. लेन्सवर मिठाचे कण असतील तर पहिल्यांदा ब्लोअर, मगच ओलसर फडकं. कोरडं घासलं तर काचेवर कायमचे ओरखडे येतात.

ते १६ फोटो सिक्वेटर किंवा सिरिल या मोफत प्रोग्रॅममध्ये एकावर एक बसवा. तारे जुळवून सरासरी काढली की दाणेदारपणा फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणजे १६ फोटोंत तो एका फोटोच्या पाव राहतो. स्वस्त कॅमेऱ्याचा फोटो महागड्याच्या जवळ नेणारा हा सगळ्यात परिणामकारक उपाय आहे. रंग डार्कटेबल किंवा रॉथेरपीमध्ये करा. दोन्ही फुकट आहेत. आकाश जांभळं-निळं करण्याचा मोह टाळा. गाभ्याचा खरा रंग पिवळसर-तांबूस असतो आणि कोकणातलं क्षितिज दमट, किंचित पिवळट असतं.

गाभा दिसत नाही त्या महिन्यांतही किनारा रिकामा नसतो. हिवाळ्यात दक्षिणेला समुद्रालगत अगस्त्य दिसतो, मेच्या मध्यावर रात्री साडेनऊला त्रिशंकू क्षितिजापासून १३ अंशांवर उभा असतो. मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी मृग नक्षत्र पश्चिमेच्या समुद्रावर उतरतं, त्याच्या पट्ट्याचे तीन तारे जवळजवळ ठीक पश्चिमेला मावळतात. ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्सने ६ सेकंदांचा फोटो तिथे छान येतो. ताऱ्यांच्या रेघा हव्या असतील तर पश्चिमेकडे तोंड करून २० सेकंदांचे १५० फोटो लागोपाठ घ्या. ५० मिनिटांत मधल्या रेघा सरळ, उजवीकडच्या ध्रुवाभोवती आणि डावीकडच्या दक्षिणेकडे वळलेल्या मिळतात. या संध्याकाळच्या कामांसाठीही कृष्ण पंचमी ते अष्टमी याच तिथी धरा. पाणी तेव्हाही उतरतंच असतं.